टक्के अरबांचे विचारता, पॅटर्न कधी विचारणार?

मागच्या महिन्यात आमच्या एका नातलगांनी नळीत थुंकून नमुना पाठवला, काही हजार रुपये भरले आणि आलेला निकाल व्हॉट्सॲपवर टाकला. अरबस्तानचा वाटा किरकोळ निघाला. झालं, भांडण पेटलं. आपली माणसं म्हणाली, टेस्टच खोटी, आपण शेख, आपलं खानदान अरबी. बाहेरचे खूश झाले: बघा, तुम्ही मूळचे हिंदूच!

दोघांनाही विचारतो, यात नवीन काय? हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा भारतीय मुसलमानांवरचा अभ्यास २००९ मध्येच प्रसिद्ध झाला. आपण बहुतांश इथलेच, बाहेरचा अंश थोडा, असा त्याचा निष्कर्ष. पण डीएनए पूर्वज कुठले ते सांगतो, त्यांची किंवा आपली श्रद्धा सांगत नाही. टक्केही अंदाजाचेच. कंपनी आपला नमुना तिच्याकडच्या नमुन्यांशी ताडून पाहते. तो साठा बदलला की टक्के बदलतात. अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही, हे पैगंबरांनी अखेरच्या हजच्या खुत्ब्यात सांगितलं. ते मशिदीत ऐकायचं आणि घरी येऊन टक्के मोजायचे?

आणि ही थुंकी जाते कुठे? ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीकडून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. वंशानुसार याद्या करून ती विकायला काढली गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. वंशावरून माणसं वेगळी काढण्याचा अर्थ आपल्याला तरी कुणी शिकवायला नको.

आता कुरखेड्याचं बोलू. इथे रक्तातला खरा प्रश्न सिकलसेलचा आहे. सांधे दुखतात म्हणून शाळा बुडवणारं मूल मी वर्गात पाहिलं आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तरी आपल्यात ऐकू येतं, "तो आदिवासींचा, दलितांचा आजार, आपला नाही." हा अज्ञानाचा नव्हे, जातीचा अहंकार आहे. सिकलसेल नाव-गाव विचारून येत नाही. शिवाय आपल्यात चुलत-मामे भावंडांत निकाह होतात. अशा सख्ख्या भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच वारशाची असतात. घरात दोष असला तर दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते.

आईबाप दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची. एक एएस आणि दुसरा एए असेल तर मुलाला हा आजार होत नाही. म्हणून एएस निघाली एवढ्यावरून मुलीचं स्थळ मोडणं हा निव्वळ जुलूम आहे. मुलाचा पॅटर्न आधी बघा.

जमातीच्या जबाबदार मंडळींनी मंगनीच्या बैठकीत खानदान विचारण्याआधी दोघांचे रिपोर्ट मागावेत. आजोबा मक्केचे होते की माळेवाड्याचे, याचा जवाब कुणी मागणार नाही. तपासणी फुकट असताना नातवाला दुखणं का दिलं, हे मात्र तो नातू विचारेल.