सबब गरिबीची

अपंगांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास ऐकू येते : आधी पोटाचे प्रश्न सुटू द्या, रॅम्प आणि लिफ्टचे मग पाहू. देश गरीब आहे, हे खरेच. पण ज्याला शाळेची किंवा रेशन दुकानाची पायरीच चढता येत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न सुटणार कसा? शिवाय खर्चाचा हिशेबही तपासावा. एक फूट उंची गाठायला बारा फुटांचा रॅम्प लागतो. तो मूळ नकाशातच धरला तर भार किरकोळ असतो. इमारत झाल्यावर आठवण झाली, तर उरलेल्या चार फुटांत उभा उतार ओतला जातो. त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही आणि पैसे मात्र खर्च होतात. ‘असे लोक आहेत तरी किती?’ हा पुढचा आक्षेप. २०११च्या जनगणनेत २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के अपंग नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटना जगातले प्रमाण सुमारे १६ टक्के मानते. ‘घरात कोणी अपंग आहे का’ या प्रश्नाला लाजेपोटी नकार मिळतो. ‘पाहायला, ऐकायला, चालायला त्रास होतो का’ असे विचारले की आकडा वाढतो.

कायद्याची उणीव नाही. संयुक्त राष्ट्रांचा करार आपण २००७मध्ये स्वीकारला, २०१६मध्ये नवा कायदा केला. तरीही सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, हे राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या स्त्रीने काय करावे, हा प्रश्नही २०२५मध्ये त्याच न्यायालयात सुटला. या दोन्ही ठिकाणी पैसा आड आला नव्हता. आखणी करताना ही माणसे कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती.

दिवाळी अंकांनाही हे लागू आहे. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीने वाचतात, पण आपले कितीतरी अंक आजही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवले जातात. त्यांची पीडीएफ उघडली की मराठीऐवजी निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते. मजकूर युनिकोडमध्ये दिला तर चोरी होईल, अशी भीती प्रकाशकांना वाटते. चोरी छापील पानांचे फोटो काढूनही होतेच. दृष्टिहीनांसाठी सुगम प्रत करायला २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याची मुभा आहे, आणि त्यासाठीच्या माराकेश कराराला २०१४मध्ये सर्वांत आधी मंजुरी दिली ती भारताने. अंक छपाईला जातो त्याच दिवशी त्याची युनिकोड प्रत मागेल त्या दृष्टिहीन वाचकाला मिळाली पाहिजे. मराठी संपादकांनी हे काम सरकारी आदेशाची वाट न पाहता करावे.