एका स्वल्पविरामासाठी

मंडळी, आजचा विषय रुक्ष आहे. आमच्या घरच्या वाचकांनी हवं तर हे पान उलटावं, रागावणार नाही.

निवृत्तीनंतर सी शिकलो हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. गावच्या वाचनालयाचा पुस्तक-देवघेवीचा प्रोग्रॅम मी आणि पुतण्या मिळून सांभाळतो. वाचनालयात विंडोज, त्याच्याकडे लिनक्स. वाद आहे तो एका मॅक्रोवरून.

मॅक्रो म्हणजे नाव दिसलं की त्या जागी ठरलेला मजकूर ठेवायचा. हे काम प्रीप्रोसेसर करतो. व्याकरणाशी त्याला देणंघेणं नाही, ते कंपायलर नंतर बघतो. किती गोष्टी द्यायच्या हे आधी ठरलेलं नसेल तर तीन टिंबं लिहायची, ही सोय 1999 च्या सी-प्रमाणात आली. आमचा नोंदी छापणारा मॅक्रो आधी वाक्याचा साचा घेतो, मग स्वल्पविराम, मग टिंबं. टिंबांच्या जागी काहीच दिलं नाही तर स्वल्पविराम लोंबकळत राहतो आणि कंपायलर अडतो.

जीसीसीने यावर तोड काढली. स्वल्पविरामापुढे दोन हॅश लिहा, तो गिळून टाकतो. क्लँगलाही हे चालतं. मायक्रोसॉफ्टचा जुना प्रीप्रोसेसर तर न सांगताच गिळतो! वर आणखी एक खोड, टिंबांतून आलेलं सगळं दुसऱ्या मॅक्रोला दिलं की तो त्याचा एकच गठ्ठा धरतो. 2020 मध्ये त्यांनी प्रमाणाप्रमाणे वागणारा नवा प्रीप्रोसेसर दिला, पण तोही स्विच देऊन मागून घ्यायचा. सी++20 आणि सी23 मध्ये "काही दिलं असेल तरच स्वल्पविराम लिही" असं सांगायची रीतसर सोय झाली आहे. मात्र जुन्या कंपायलरला ती कळत नाही.

पुतण्या म्हणतो, "काका, दोन हॅश लिहा आणि मोकळे व्हा. सगळीकडे चालतंय."

माझं म्हणणं वेगळं आहे. चालतंय म्हणजे आज, या दोन यंत्रांवर. मी पंचाहत्तरीकडे झुकलोय, पुतण्या नोकरीसाठी कुठे जाईल सांगता येत नाही. पुढे हा प्रोग्रॅम कोण उघडेल, कोणत्या कंपायलरवर, कोणास ठाऊक. त्या बिचाऱ्याला पहिल्याच ओळीत अनोळखी चूक दिसली तर तो सगळंच टाकून देईल, आणि वाचनालय पुन्हा वह्यांवर येईल.

म्हणून मी साचासुद्धा टिंबांतच घेतो. मॅक्रोत नुसती तीन टिंबं. साचा नेहमी असतोच, त्यामुळे टिंबं कधी रिकामी राहत नाहीत आणि आपण स्वल्पविराम लिहायचा प्रश्नच येत नाही. 1999 चं प्रमाण पाळणाऱ्या कुठल्याही कंपायलरवर हे चालतं. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक हवा असेल तर तो आधी वेगळा छापायचा, मग निरोप. दोन्ही एका डू-व्हाइलमध्ये गुंडाळायचं, म्हणजे इफ-एल्समध्ये घोळ होत नाही.

यावर पुतण्याचा आक्षेप असा, की दोन थ्रेड एकदम लिहू लागले तर ओळी एकमेकींत मिसळतील. आक्षेप खरा आहे. मोठ्या प्रोग्रॅममध्ये मी त्याचं ऐकेन. पण आमच्या वाचनालयात एक टेबल, एक बाई आणि एक थ्रेड!

तूर्त मी हॅश काढतो आणि तो परत घालतो. दिवाळीला तो येतोय, तेव्हा समोरासमोर बसू. तुमच्यापैकी कोणी तिसऱ्याच कंपायलरवर काम करत असाल तर तिथे काय होतं ते जरूर कळवा.