घुमटाखालचे आकाश

अलास्कातल्या फेअरबँक्स गावी, विद्यापीठाच्या संग्रहालयात नवे तारांगण सुरू होत असल्याचे वाचले, तेव्हा माझ्यातला जुना बँक अधिकारी आधी जागा झाला. ज्या गावाच्या डोक्यावर हिवाळाभर हिरवा ध्रुवप्रकाश नाचतो, तिथे घुमट बांधायचा, आत अंधार करायचा आणि खोटे तारे दाखवायचे? हे म्हणजे समुद्रकाठी पोहण्याचा हौद बांधण्यासारखे झाले. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर 'गरज पटत नाही' असा शेरा मारून मी फाइल परत धाडली असती. असले शेरे मारण्यात मी पटाईत होतो.

पण नकाशा उघडला आणि शेरा मागे घ्यावा लागला. फेअरबँक्स साधारण 65 उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या थोडे अलीकडे आहे. जूनच्या उत्तरार्धात तिथे सूर्य जवळजवळ 22 तास वर असतो आणि उरलेल्या दोन तासांतही संधिप्रकाश मावळत नाही. मे महिन्यापासून जुलैअखेरपर्यंत खरी रात्र अशी होतच नाही, म्हणजे तारे पाटीवरून पुसल्यासारखे नाहीसे. शाळांना सुटी असते ती याच दिवसांत आणि पर्यटकांची वर्दळही याच दिवसांत. डिसेंबरात उलट प्रकार. दिवस पावणेचार तासांचा, आकाश ताऱ्यांनी खचाखच भरलेले, पण थंडी उणे 40 पर्यंत उतरू शकते. (उणे 40 ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही एकच आकडा दाखवतात. हिशेब जुळला की मला अजून बरे वाटते.) अशा थंडीत आठ वर्षांचे पोर मान वर करून किती वेळ उभे राहील? आकाश फुकट असते हे खरे, पण ते पाहण्याची सोय फुकट नसते.

हे संग्रहालय तसे नावाजलेले. हिमयुगातला एक रानगवा तिथे आहे. सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्यांना तो 1979 साली गोठलेल्या मातीत, कातड्यासकट सापडला. अंगावर चढलेल्या खनिजाच्या थरामुळे तो निळा दिसतो, म्हणून त्याचे लाडके नाव 'ब्लू बेब'. जमिनीखालचे एवढे जपणाऱ्यांनी डोक्यावरचेही जपावे, हे ओघानेच आले.

मला मात्र या घुमटाचे खरे कारण वेगळेच वाटते. अलास्काच्या ईशान्येला आणि त्याला लागून असलेल्या कॅनडात ग्विचिन लोक राहतात. सप्तर्षी म्हणजे कुणाची तरी शेपटी, एवढेच त्यांच्याविषयी पुष्कळ वर्षे नोंदवले गेले होते. शेपटी कोणाची, हे विचारायला कुणी थांबले नाही. अखेर क्रिस कॅनन आणि गॅरी होल्टन या अभ्यासकांनी ग्विचिन वडीलधाऱ्यांजवळ बसून विचारले आणि 2014 साली ते प्रसिद्ध केले. ती शेपटी 'याह्दी'ची. आणि हा याह्दी म्हणजे आपल्या मृगासारखे आभाळाच्या एका कोपऱ्यातले नक्षत्र नव्हे. तो क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, अख्खे आकाश व्यापून पसरलेला आहे.

आता असे नक्षत्र कागदावर कसे दाखवणार? पुस्तकाच्या पानावर त्याचे डोके आणि पाय दुमडले जातात. त्याला माथ्यावर घुमटच हवा. त्या तारांगणात ग्रीक नावांच्या आधी याह्दीला पहिला मान मिळावा, असे मला मनापासून वाटते. बाहेरून तयार चित्रफिती मागवून दाखवणे सोपे आणि स्वस्त. पण त्यासाठी इतक्या उत्तरेला घुमट बांधण्याचे कारण नव्हते.

उत्तर ध्रुवाच्या आकाशाशी आपलेही एक नाते आहे. 1903 साली लोकमान्य टिळकांनी 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतल्या लांबलचक उषा पाहणारे आपले पूर्वज ध्रुवप्रदेशातले असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क. आजचे विद्वान तो मानत नाहीत. पण तारे न उगवता न मावळता कुंभाराच्या चाकासारखे डोक्याभोवती फिरताहेत, हे दृश्य त्यांनी पुण्यात बसून, केवळ गणिताने आणि ग्रंथांवरून डोळ्यांपुढे आणले. पुढे 1954 साली त्याच पुण्यात, टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण झाले. टिळकांना तेवढे यंत्र मिळते, तर ध्रुवावरची रात्र पाच मिनिटांत फिरवून बघता आली असती.

1993 साली मी माझ्या मुलीला वरळीच्या नेहरू तारांगणात नेले होते. दिवे मंदावले, तारे उजळले आणि सगळ्या प्रेक्षागृहाने एकदम श्वास घेतला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे आपल्या गच्चीवर का नाही दिसत?" मी दिव्यांचे, धुराचे काहीतरी सांगितले. ते बरोबरच होते, पण ती गप्प झाली ती माझ्या उत्तराने नव्हे, बस आली म्हणून.

मला मात्र गच्चीची गरज पडली नव्हती. माण तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्यात सारे घर अंगणात झोपायचे. तिथे सप्तर्षींना ऋषी कुणी म्हणत नसे. आत्या म्हणायची, ती म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे पाय, आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. "मोज बरं पाय, एखादा नेला का त्यांनी?" असे ती रोज विचारायची आणि मी रोज मोजायचो. फेअरबँक्सला ध्रुव माथ्याजवळ चढलेला असतो. आमच्या अंगणातून तो मारुतीच्या देवळामागे, क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर दिसे. बाज त्याच्याभोवती फिरताना पावसाळा संपेतो डोंगराआड बुडून जाई. मग आत्या सांगे, चोरांनी नेली बघ, येतील परत घेऊन.

तिन्ही चोरांना तिने गावातल्याच माणसांची नावे दिली होती. त्यांतली दोन मला आठवतात. तिसरे मी आत्याला विचारून लिहून ठेवणार होतो. दरम्यान माझी बदली झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती राहिली नाही.