टर्बोचार्जर : घरी जुळवावा की तज्ज्ञाकडे न्यावा?

मोटारीचा टर्बोचार्जर बिघडला की तिच्या मालकास दोन सल्ले हटकून ऐकावयास मिळतात. पहिला सल्लागार म्हणतो, ‘बाजारात दुरुस्तीचा संच सुटा मिळतो. त्यात बेअरिंगे, कड्या, वॉशर सर्व काही असते. आपला नेहमीचा मिस्त्री एका दुपारी ते बसवून देईल. मग तज्ज्ञाच्या दारी जाऊन निव्वळ मजुरीपायी एवढी रक्कम का मोजावी?’ दुसरा म्हणतो, ‘टर्बोला हातच लावू नये, तो तज्ज्ञाच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे.’ आमच्या मते हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. आणि त्यांतील पहिला तर खिशास चाट लावणारा आहे.

हा प्रश्न आजच निकडीचा व्हावा यास कारण आहे. फियाट कंपनीचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन २००७ साली मारुतीच्या स्विफ्ट गाडीत आले व पुढे टाटांच्या इंडिका व्हिस्टासह अनेक गाड्यांत बसले. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे ‘भारत स्टेज सहा’ हे कडक नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारी बनविणे थांबविले. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याच्या बाजारास जाणाऱ्या किती तरी व्यापारी बंधूंच्या दारात त्या आजही उभ्या आहेत. कंपनीची हमी केव्हाच संपलेली. अशा वेळी गाडीची उरलेली किंमत व दुरुस्तीचा खर्च यांचा मेळ घालू लागले म्हणजे स्वस्त संचाचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे इष्ट. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. कल्पना सोपी, पण ती जेथे प्रत्यक्षात उतरते ते ठिकाण मोठे दुर्धर आहे. धुराकडील चक्र सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या धगीत फिरते, म्हणून ते निकेलच्या मिश्रधातूचे करतात; हवेकडील चक्र बहुधा अॅल्युमिनियमचे असते. लहान मोटारीच्या टर्बोचा दांडा पूर्ण भारावर मिनिटास दीड ते दोन लक्ष फेरे घेतो. त्यास गोळ्यांची बेअरिंगे सहसा नसतात. पितळी कड्यांच्या आत व बाहेर इंजिनच्या तेलाचा पातळ थर असतो आणि त्या थरावर तो दांडा तरंगत असतो. तोच थर बेअरिंगांची उष्णताही वाहून नेतो.

आता मुख्य मुद्दा. आमचे वाचक सराफाच्या काट्याशी परिचित आहेत. ८ गुंजांचा मासा व १२ मासे म्हणजे तोळा. म्हणजे एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम भरते. समजा, हवेकडील चक्राच्या कडेवर, दांड्यापासून २० मिलिमीटर अंतरावर, एका बाजूस एवढाच भार अधिक राहिला. दीड लक्ष फेऱ्यांवर त्या एका गुंजेचा दांड्यावर पडणारा ओढा सुमारे ६० किलो वजनाएवढा होतो, आणि तो क्षणाक्षणाला दिशा बदलत राहतो. तेलाचा थर शतांश मिलिमीटरांत मोजावयाचा; त्याने हा मार किती काळ सोसावा? यास्तव चांगल्या कारखान्यात चक्रे आधी सुटी तोलतात, नंतर मधला सर्व भाग जुळवून तो प्रचंड वेगाने फिरवून पुन्हा तपासतात, आणि जेथे भार अधिक तेथे नटावरून वा चक्रावरून कणभर धातू खरवडून काढतात. तज्ज्ञास जी रक्कम द्यावयाची ती मुख्यत्वेकरून या मोजणीची किंमत आहे. दुरुस्तीच्या संचात सर्व काही मिळते, फक्त ही मोजणी मिळत नाही.

आमच्या उद्यमबागेतील लेथवरच्या कारागिरांबद्दल आम्हांस अभिमान आहे. ओतकामापासून क्रँकशाफ्टपर्यंत ज्या गावात कामे होतात, तेथील मिस्त्रीने ‘यात काय आहे?’ असे म्हटले तर नवल नाही. त्याच्या हातास दांड्यावरील ओरखडा कळेल, डोळ्यास चक्राचे तुटलेले पाते दिसेल. परंतु गुंजेच्या दशांशाचा असमतोल कोणाच्याही हातास कळत नाही. सर्व भागांवर खुणा करून, चक्र आणि नट जसेच्या तसे जागी बसवून काहींनी काम निभावले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथे दांडा व चक्रे मुळातच निर्दोष होती. आणि मुळात सर्व निर्दोष असते तर बहुधा टर्बो खोलण्याची पाळीच आली नसती.

तज्ज्ञाकडे दिले की काम झाले, असेही मात्र नव्हे. आमच्या परिचयातील एका धान्याच्या व्यापाऱ्याने चांगल्या कारागिराकडून टर्बो करून आणला. तो महिन्याच्या आत पुन्हा गेला. दोष कारागिराच्या माथी मारण्यात आला. वास्तविक इंजिनातून टर्बोस तेल पुरविणारी बारीक नळी जळक्या तेलाच्या खरपुडीने निम्मी बुजलेली होती आणि ती कोणी पाहिलीच नव्हती. टर्बो आपणहून क्वचितच मरतो. त्यास बहुधा तेलाचा तुटवडा मारतो, नाहीतर घाण तेल, नाहीतर हवेच्या वाटेने आत शिरलेला खडा. पहिले कारण तसेच ठेवून दुसरा टर्बो बसविणे म्हणजे बुडीत खात्यावर नवी उधारी देणे होय. तेल परत नेणाऱ्या नळीचेही तसेच. त्या नळीतून तेल केवळ उतारावरून खाली येते. ती वाकली, किंवा इंजिनच्या पोटातील वाफ बाहेर जाण्याची वाट तुंबली, की तेल टर्बोतच साचून चक्रांकडे झिरपते आणि ‘सील गेले’ अशी हाकाटी होते. तेथे रबरी सील नसते. पिस्टनच्या रिंगेसारख्या धातूच्या कड्या असतात, आणि त्या बदलून तुंबलेली वाट मोकळी होत नाही.

या गळतीकडे दुर्लक्ष करण्यात पैशापलीकडचाही धोका आहे. डिझेल इंजिनास पेटण्यासाठी ठिणगी लागत नाही. टर्बोतून हवेच्या वाटेने पुरेसे तेल आत गेले तर इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू लागते, आणि किल्ली फिरवूनही ते थांबेलच असे नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, गाडी वरच्या गियरमध्ये टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. घाटात ही वेळ येऊ नये असे वाटत असेल तर निळा धूर दिसताच गाडी उभी करावी.

मग घरी काय करावे? पुष्कळ काही. हवेची नळी काढून दांडा बोटाने हलवून पाहावा. तो आडवा किंचित हलणारच, कारण तो तेलावर तरंगणारा आहे. एवढ्यावरून टर्बो गेला असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तो पुढे-मागे हलल्याचे हातास जाणवले, किंवा चक्र कवचास घासल्याची खूण दिसली, तर मात्र बिघाड खरा. तेलाच्या दोन्ही नळ्या, हवेची गाळणी, इंटरकूलरमध्ये साठलेले तेल व धातूचे तुकडे ही सर्व स्वच्छता आपल्या मिस्त्रीकडून निःशंकपणे करून घ्यावी. तेलाच्या जोडावर चिकट लेप थापण्याची काही गॅरेजांत खोड आहे, ती सक्तीने थांबवावी. त्याचा एखादा कण सुटून तेलाच्या छिद्रात अडकतो. धुराकडील हलत्या पात्यांवरची काजळीही खरवडता येते. पण ती पाती कोठवर मिटावीत हे ठरविणारा स्क्रू हवेचा प्रवाह मोजून लावलेला असतो, त्यास कोणी स्पर्श करू नये.

आणखी एक मधला मार्ग आहे, आणि सामान्य गाडीसाठी आम्हांस तोच अधिक पसंत आहे. दांडा, चक्रे व बेअरिंगे जुळवून तोललेला मधला भाग अखंड विकत मिळतो. बाजारात त्यास कार्ट्रिज म्हणतात. जुनी कवचे शाबूत असतील तर ती त्यावर चढविणे काळजीपूर्वक काम करणाऱ्या मिस्त्रीच्या आवाक्यातले आहे. परंतु तो तोलल्याचा कागद नसेल तर तो आणि सुटा संच यांत आम्ही फरक मानीत नाही.

हाच कागद तज्ज्ञाकडूनही मागावा. तोल पाहण्याचे यंत्र तुमच्याकडे आहे काय, असल्यास या टर्बोचा तपासणीचा छाप द्याल काय, आणि काढलेले जुने भाग परत मिळतील काय, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. खरा कारागीर त्यांचा राग मानीत नाही. तो उलट टर्बो का गेला हे जुन्या बेअरिंगावर बोट ठेवून दाखवितो. कवचास चकचकीत रुपेरी रंग देऊन, पिशवीत घालून टर्बो हाती ठेवणारे दुकानदारही आहेत. त्यांच्याकडे हे प्रश्न विचारले की उत्तराऐवजी हमीचे कार्ड पुढे येते, आणि त्या कार्डावर तेलाच्या दोषाने झालेला बिघाड हमीबाहेर असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले असते.

टर्बो परत बसविताना नवे तेल व नवी गाळणी घालावी, तेलाच्या छिद्रात थोडे स्वच्छ तेल ओतून दांडा हाताने फिरवावा, आणि इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटे ते मंदगतीनेच चालू द्यावे. कारण कोरड्या बेअरिंगावरचे पहिले काही क्षणच त्याचे आयुष्य ठरवून टाकतात.