जरब आणि दफ्तर
१८५७ च्या उठावाची धग पुरती निवण्यापूर्वीच, प्रजेवर जरब बसविण्याच्या बुद्धीने परक्या सरकारने १८६१ साली जो पोलीस कायदा रचला, तो स्वराज्य येताच बदलेल ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु पोलीस सुधारणेसाठी १९७७ साली नेमलेल्या धर्मवीर आयोगाचे एकामागून एक आलेले आठ अहवाल दफ्तरी दाखल झाले, आणि निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर, ती दाखल झाल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच सुधारणेसाठी सात निर्देश दिले, तेव्हा बहुतेक राज्यांनी सबबी आणि कैफियती यांचाच आश्रय घेतला. बदलीचे शस्त्र हाती असताना फौजदाराला स्वतंत्र करण्याची निकड मंत्र्याला भासावी तरी कशी? (विरोधी बाकांवर बसताच मात्र ती विलक्षण तीव्रतेने भासू लागते.)