ओट्याचा दगड आणि कारागिराचा श्वास

शिवाजी पार्कच्या मैदानातील तांबड्या मातीची धूळ घरांत येते, म्हणून तेथील रहिवाशांनी गेली काही वर्षे महानगरपालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दाद मागितली. ते योग्यच झाले. परंतु त्याच वस्तीत जुन्या इमारतींच्या जागी नव्या उभ्या राहत आहेत, स्वयंपाकाचे ओटे बदलले जात आहेत. आणि सिंकसाठी दगड कापताना गॅलरीत जो पांढरा लोट उठतो, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. पहिली धूळ घरमालकाच्या नाकात जाते. दुसरी आधी कारागिराच्या. हा भेद विचार करण्याजोगा आहे.

दगडातील स्फटिकरूप सिलिका हे या धुळीतील विष होय. संगमरवरात ती अल्प असते, ग्रॅनाइटमध्ये सुमारे ३० टक्के, तर कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. तिचे सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. लोट बसला तरी ते हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोल जाऊन ते निबर करतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. तो क्षयाला वाट करून देतो, आणि पुष्कळदा क्षय समजूनच त्यावर उपचार होतात. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदी घातली, ती याच कारणासाठी. बसविलेल्या ओट्यापासून भय नाही. भय आहे ते कापण्यात आणि घासण्यात.

कायदा काय म्हणतो? संविधानाचा अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य व मानवोचित परिस्थिती निर्माण करण्यास राज्याला सांगतो. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क जीविताच्या हक्कातच अंतर्भूत मानला. परंतु १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दहांहून कमी कामगारांची कामे वगळली. आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा कायम ठेवून, स्वतःच्या राहत्या घराचे ५० लाख रुपयांपर्यंतचे कामही बांधकामाच्या व्याख्येबाहेर ठेवले. ओटा तर दोन माणसे बसवितात. सबब बांधकामासाठी घालून दिलेले सुरक्षेचे नियम तेथे लागू होत नाहीत. जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे घरमालकाची विवेकबुद्धी पोचली पाहिजे.

ते अवघड नाही. माप देऊन दगड दुकानातच, पाण्याची धार सोडणाऱ्या यंत्रावर कापून घ्यावा. घरी कापणे अटळ असेल, तर पाण्याची सोय असलेलेच यंत्र वापरावे. विजेचा धक्का बसू नये अशी जोडणी आधी तपासावी. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही. एन-९५ प्रतीचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क हवा. मुलांना आणि वृद्धांना त्या दिवशी दूर ठेवावे. धूळ कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कापताना साचलेला चिखलही वाळण्यापूर्वी उचलावा. याचा खर्च मजुरीतून कापू नये.

आपल्यातील काही कुटुंबे आज नव्या घरात प्रवेश करीत आहेत, काहींचे हात अद्याप कटरवर आहेत. दोघांनाही हे सांगणे आहे. कारागिराने पाणी आणि मास्क मागण्यात संकोच करू नये; तो उपकार नव्हे, हक्क आहे. आणि कष्ट करणाऱ्याचा श्वास स्वस्त, हा हिशेब ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांनी तो आपल्या उंबरठ्याच्या आत दुसऱ्यावर कदापि लादू नये.