'देशी' प्या म्हणणाऱ्यांना आमचे चार प्रश्न



ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले आणि आमच्या मोबाईलवर स्वदेशीचे निरोप सुरू झाले. त्यातला एक आमच्याच एका तरुण कार्यकर्त्याने टाकला होता. अमेरिकन व्हिस्की सोडा, देशी प्या, देशाचा पैसा देशात ठेवा. खाली अंगठ्यांची रांग. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करतो, आणि तिथे अमेरिकन व्हिस्की पिणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. मग हा बहिष्कार नेमका कोण करणार होते?

कॅनडात असे खरोखर घडले. मार्च २०२५मध्ये ओंटारिओसह अनेक प्रांतांच्या सरकारी दुकानांनी अमेरिकन दारू फळीवरून उतरवली आणि गिऱ्हाईक स्वतःच्या देशातल्या बाटलीकडे वळले. तिथे विकणारे सरकारच, म्हणून ते जमले. आपल्याकडे गंमत वेगळी आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचे शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. जुलैमध्ये ब्रिटनशी करार केला, त्यात स्कॉचवरचे शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले. आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून स्वदेशीचा पुकारा झाला. श्रीमंताच्या पेल्यासाठी दार उघडायचे आणि गरिबाला देशप्रेम शिकवायचे, हे आपल्याला नवीन नाही.

दुसरा प्रश्न शब्दाचा. आपल्या बाजारातल्या दुकानाच्या पाटीवर 'विदेशी मद्य' लिहिलेले असते. आतल्या बहुतेक बाटल्या याच देशात भरलेल्या असतात, कित्येक तर याच राज्यात. 'देशी' आणि 'विदेशी' हे आपल्याकडे देशांचे भेद नाहीत, परवान्याचे आहेत. खरे सांगायचे तर खिशाचे आहेत. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार आणला, तो फक्त राज्यातल्या उत्पादकांसाठी. त्याच निर्णयात १८० मिलिची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या दारूला १४८, विदेशीला २०५ आणि प्रीमियम विदेशीला ३६० अशी ठरली. वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल, असे सरकारनेच सांगितले. दारूतही चार पायऱ्या करून ठेवल्या, आणि आपला माणूस कुठल्या पायरीवर बसतो हे आम्ही लिहायला नको. ज्याला २०५ झेपत नाहीत तो १४८वर येईल, त्याला आपण स्वदेशी म्हणायचे का? आणि ८०ची बाटली महागली म्हणून आमच्या वस्तीत कुणी पिणे कमी केलेले आम्ही पाहिले नाही. कमी होतो तो आठवड्याचा बाजार.

मुळात जे खरोखर देशी होते, ते सरकारनेच मोडले. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीचे झाड करात बांधले आणि गाळणे ठेकेदारांच्या हाती दिले. कोकणातल्या भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा त्यात खचला. १८९२मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवर कायदा आला. आदिवासी बाईने रानात वेचलेले फूल गुन्हा ठरले. आजही आपल्या बागांत काजूचे बोंडू झाडाखाली कुजते. पलीकडे गोव्यात त्याचीच फेणी होते, तिला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही गाळपाची वकिली करत नाही. पण कारखान्यातली ती स्वदेशी आणि रानातली ती गावठी, हा न्याय कुणी लावला ते तरी विचारा.

आता अवघड भाग. आमचे काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांचा दारूबंदीला विरोध होता. खरे आहे. १९४९चा दारूबंदी कायदा मुंबई प्रांतात लागू असताना, १९५१च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून अबकारीचे उत्पन्न वाचवावे असे स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९५६मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. एकात राज्याच्या तिजोरीचा विचार आहे, दुसऱ्यात माणसाने स्वतःशी केलेला करार. जाहीरनामा दाखवून पेला भरता येत नाही, आणि प्रतिज्ञा दाखवून पोलिसांना वस्तीत बोलावता येत नाही. बंदीच्या नावाने हातभट्टी वाढते आणि पकडला जातो तो आपलाच पोरगा. २०१५मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, त्यात बंगल्यातले कुणी नव्हते. आणि पाचव्या शीलात देशी-विदेशीची फोड नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत झिंगून नाचणाऱ्याला बाटली कुठल्या देशाची हे विचारून काय उपयोग?

आमच्या कामातल्या एका वस्तीतल्या बाया दोन वर्षांपासून दुकान हटवायच्या मागे आहेत. 'आडवी बाटली'चा नियम त्यांना पाठ आहे. अर्जावर पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते बाटली आडवी करण्याच्या बाजूने. एकूण, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. कोकणात इथेच घोडे अडते. यादीत नाव इथे आणि बाई विरार, दिव्याला. ती आली नाही तर तिचे न पडलेले मत दुकानाच्या खात्यात जमा. गणपतीला सगळ्या गावी येतात, म्हणून मतदान त्या आठवड्यात लावा, अशी मागणी एका मावशीने बैठकीत केली. हसण्यावारी गेली, पण आम्हाला त्याहून नेमकी मागणी दुसरी सुचलेली नाही.

त्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही निरोप पुसायला सांगितले नाही. मुंबईला राहणाऱ्या बायांची यादी करायचे काम त्याच्याकडे दिले आहे. नाव, फोन, गावी कधी येणार. बत्तीस नावे झाली आहेत, अजून बरीच बाकी आहेत.